परदेशातून आलेल्या जुन्या व्हिडिओ डिस्क घरच्या कॉम्प्युटरवर कशा बघायच्या आणि कशा उतरवून ठेवायच्या

न्यू जर्सीहून आत्याने पाठवलेली बारशाची डिस्क, कंपनीच्या कामासाठी योकोहामाला राहून आलेल्या भावाचा गठ्ठा, उत्तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनातल्या एकांकिकेचं कोणीतरी हौसेने केलेलं शूटिंग. अशा डिस्क पुष्कळ मराठी घरांत कपाटात पडून आहेत. त्या वेळी टीव्हीखालच्या प्लेअरमध्ये घालून बघितल्या, चित्र काळं-पांढरं आलं नाहीतर वरखाली सरकत राहिलं, आणि ‘फॉरेनची सीडी आहे, आपल्याकडे लागत नाही’ म्हणून ठेवून दिल्या. आता घरात तो प्लेअरही उरलेला नाही. पण यातल्या बहुतेक डिस्क साध्या कॉम्प्युटरवर लागतात. घरी लिहिलेल्या डिस्कवरचा रासायनिक थर उन्हाने, उष्णतेने आणि वयाने खराब होत जातो, म्हणून हे काम पुढे ढकलू नका असं मी भेटेल त्याला सांगतो.

‘लागत नाही’ याची तीन वेगळी कारणं

ही तीन कारणं लोक एकात एक मिसळतात आणि मग चुकीच्या ठिकाणी पैसे घालवतात.

पहिलं कारण एनटीएससी आणि पाल. अमेरिका, कॅनडा आणि जपानमध्ये टीव्हीचं चित्र ५२५ रेषांचं आणि सेकंदाला २९.९७ फ्रेमचं होतं. त्याला एनटीएससी म्हणतात. आपल्याकडे आणि युरोपात बहुतेक ठिकाणी ६२५ रेषा आणि २५ फ्रेमची पाल पद्धत होती. १९८२ साली दूरदर्शन रंगीत झालं ते पालमध्येच. या फरकाचं मूळ विजेत आहे: अमेरिकेत ६० हर्ट्झ, इकडे ५०. डीव्हीडीवर ही पद्धत चित्राच्या आकारात दिसते. एनटीएससी डिस्कवर ७२० बाय ४८० ठिपके असतात, पालवर ७२० बाय ५७६. जुन्या टीव्हीला हा फरक झेपत नव्हता. कॉम्प्युटरला त्याचं काहीच वाटत नाही. त्याच्या दृष्टीने दोन्ही नुसत्या फाइली.

दुसरं कारण रिजन. हे चित्रपट कंपन्यांनी विक्रीसाठी घातलेलं कुंपण आहे: जगाचे भाग पाडून प्रत्येक भागाला एक आकडा दिलेला असतो. अमेरिका आणि कॅनडा १, युरोप आणि जपान २, आग्नेय आशिया ३, ऑस्ट्रेलिया आणि लॅटिन अमेरिका ४, भारत ५, चीन ६. रिजन आणि पद्धत यांचा एकमेकांशी संबंध नाही. जपान आणि इंग्लंड दोन्ही रिजन २ मध्ये, पण जपानची डिस्क एनटीएससी आणि इंग्लंडची पाल. मेक्सिको आणि ऑस्ट्रेलिया दोन्ही रिजन ४, पण तिथेही तसंच. घरी शूट करून लिहिलेल्या डिस्कवर रिजन नसतंच. व्हीसीडीलाही, म्हणजे सीडीवर लिहिलेल्या व्हिडिओलाही, रिजन नसतं.

तिसरं कारण डिस्क अर्धवट लिहून सोडलेली असणं. याचा परदेशाशी काही संबंध नाही, पण घरगुती डिस्कच्या बाबतीत अडचण सर्वांत जास्त याचीच येते. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे.

ड्राइव्ह, आणि डिस्क घालण्याआधी

लॅपटॉपला ड्राइव्ह नसेल तर यूएसबीची बाहेरची डीव्हीडी ड्राइव्ह घ्या किंवा ओळखीच्यांकडून आणा. ती हबमध्ये न लावता थेट कॉम्प्युटरच्या पोर्टला लावा; वीज कमी पडली की डिस्क फिरायला सुरुवात होऊन थांबते आणि दोष उगाच डिस्कला दिला जातो.

हँडीकॅमच्या लहान, ८ सेंटिमीटरच्या डिस्क बाहेर येणाऱ्या ट्रेच्या ड्राइव्हमध्येच घाला. ट्रेमध्ये मधोमध त्यांच्यासाठी खाच असते. फटीतून डिस्क आत ओढून घेणाऱ्या ड्राइव्हमध्ये लहान डिस्क घालू नका, ती आत अडकते. ॲपलच्या सुपरड्राइव्हमध्येही फक्त १२ सेंटिमीटरची डिस्क चालते.

डिस्क पुसायची ती मऊ सुती कापडाने, मधून कडेकडे सरळ रेषेत. गोल गोल पुसू नका. डेटा गोल मार्गाने लिहिलेला असतो, त्याच दिशेने ओरखडा पडला तर सलग मोठा तुकडा जातो. सीडीच्या बाबतीत वरची, नाव लिहिलेली बाजूसुद्धा जपायला हवी, कारण तिचा डेटाचा थर लेबलच्या लगेच खाली असतो. डीव्हीडीत तो थर प्लास्टिकच्या दोन पातळ तबकड्यांच्या मध्ये असतो, म्हणून ती वरून थोडी सुरक्षित.

आधी नुसतं लावून बघा

विंडोज १० आणि ११ मध्ये डीव्हीडी वाजवायची सोय मुळात दिलेली नाही. त्यासाठी व्हीएलसी हे व्हिडिओ वाजवायचं सॉफ्टवेअर घ्या. ते मोफत आहे, आणि फक्त व्हिडिओलॅन या मूळ संस्थेच्या साइटवरूनच उतरवा. डिस्क घाला, व्हीएलसीमध्ये ‘मीडिया’ मेनूतून ‘ओपन डिस्क’ निवडा, डीव्हीडी की व्हीसीडी ते सांगा आणि ‘प्ले’ करा. मेनूवरच अडकलं तर त्याच खिडकीत ‘नो डिस्क मेनूज’ला टिक करून पुन्हा लावा. जुन्या डीव्हीडी रेकॉर्डरने बनवलेले मेनू बऱ्याचदा बिघडलेले असतात, आतलं चित्र मात्र ठणठणीत असतं.

चित्र सुरू झालं की ‘टूल्स’ मधून ‘कोडेक इन्फर्मेशन’ उघडा. ४८० रेषा आणि २९.९७ दिसलं तर एनटीएससी, ५७६ आणि २५ दिसलं तर पाल. रुंदी ७२० ऐवजी ३५२ दिसली आणि उंची तीच राहिली तर रेकॉर्डर लाँग प्लेवर होता. आडवा तपशील तेव्हाच निम्मा झालेला आहे आणि तो आता कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येणार नाही. व्हीसीडी असेल तर एनटीएससीची ३५२ बाय २४० आणि पालची ३५२ बाय २८८.

हलणाऱ्या गोष्टींच्या कडांना कंगव्यासारखे आडवे दात दिसतील. ओवाळणारा हात बघा, आरतीत टाळ्या वाजवणाऱ्यांचे हात बघा, तिथे हे लगेच कळतं. हा डिस्कचा दोष नाही. त्या काळचे कॅमेरे एका फ्रेममध्ये दोन वेगळ्या क्षणांच्या रेषा एकाआड एक गुंफत असत, त्याला इंटरलेसिंग म्हणतात. व्हीएलसीमध्ये ‘व्हिडिओ’ मेनूत ‘डीइंटरलेस’ ऑन करा आणि मोडमध्ये ‘याडिफ’ निवडा. फरक समोर दिसेल.

रिजनची अडचण आली तर

विकत घेतलेली अमेरिकन किंवा जपानी डिस्क असेल तर इथे अडायची शक्यता आहे. २००० सालापासूनच्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये रिजनची नोंद खुद्द ड्राइव्हमध्येच असते. ती जास्तीत जास्त पाच वेळा बदलता येते, आणि पाचव्या बदलानंतर कायमची पक्की होते. विंडोज पुन्हा टाकून किंवा ड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून ही मोजणी मागे जात नाही.

बघायची जागा अशी: ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा, डीव्हीडी ड्राइव्हवर राइट क्लिक करा, ‘प्रॉपर्टीज’, मग ‘डीव्हीडी रिजन’ हा टॅब. सध्याचं रिजन आणि किती बदल शिल्लक आहेत हे तिथे लिहिलेलं असतं. देश निवडून ‘ओके’ म्हटलं की एक बदल खर्च झाला. म्हणून नुसतं करून बघू म्हणून काही निवडू नका. व्हीएलसी काही ड्राइव्हवर रिजन जुळत नसतानाही डिस्क वाजवतं, काहींवर नाही. ते ड्राइव्हच्या फर्मवेअरवर, म्हणजे तिच्या आतल्या सॉफ्टवेअरवर, ठरतं. त्यामुळे आधी व्हीएलसीत प्रयत्न, मगच रिजनला हात. घरात अमेरिकन डिस्क बऱ्याच असतील तर जुनी यूएसबी ड्राइव्ह एकदाच रिजन १ वर लावून तेवढ्यासाठीच ठेवावी. हा सगळ्यांत शांत उपाय.

ब्लू-रेचा हिशोब वेगळा आहे. तिथे तीनच भाग: अमेरिका आणि जपान ए, युरोप आणि ऑस्ट्रेलिया बी, भारत, चीन आणि रशिया सी. तिथे तपासणी ड्राइव्ह करत नाही, वाजवणारं सॉफ्टवेअर करतं.

विकत घेतलेल्या डिस्कवर कॉपीपासून संरक्षणाचं कुलूप असतं. अमेरिकेत ते तोडण्यावर १९९८ च्या कायद्याने बंदी आहे, आणि आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आलं, त्यात हक्कभंगाच्या हेतूने असं कुलूप तोडणं गुन्हा ठरवलं आहे. अशा डिस्क लावून बघाव्यात आणि तिथेच थांबावं. पुढे उतरवण्याबद्दल जे लिहिलं आहे ते घरच्या शूटिंगसाठी आहे.

कॉम्प्युटर ‘डिस्क कोरी आहे’ म्हणतो तेव्हा

डिस्कच्या खालच्या बाजूकडे तिरकस उजेडात बघा. लिहिलेला भाग आतल्या बाजूला थोडा गडद पट्टा म्हणून दिसतो आणि जिथे संपतो तिथे स्पष्ट कड असते. पट्टा दिसतोय आणि तरी विंडोज डिस्क रिकामी म्हणतंय, तर डिस्क ‘फायनलाइज’ केलेली नाही. हँडीकॅमने शूटिंग लिहिलं, पण शेवटी सूची लिहून डिस्क बंद करायचं राहून गेलं. ८ सेंटिमीटरच्या डिस्कवर चांगल्या दर्जाचं शूटिंग वीसेक मिनिटंच मावतं, त्यामुळे कार्यक्रमाच्या गडबडीत डिस्क सारख्या बदलल्या जायच्या आणि हे काम मागे राहायचं.

अशा वेळी विंडोज विचारतं, ही डिस्क कशी वापरायची, फॉरमॅट करायची का. इथे ‘कॅन्सल’ शिवाय दुसरं काहीही दाबू नका. होकार दिला की चित्रावरच नवं लिहिलं जाण्याचा धोका आहे.

उत्तम उपाय म्हणजे ज्या कॅमेऱ्याने शूट केलं त्याच कॅमेऱ्यात डिस्क परत घालून मेनूतून ‘फायनलाइज’ करणं. तिकडच्या नातेवाइकांना फोन करून विचारा, कॅमेरा अजून त्यांच्या माळ्यावर असतो. त्याच मेनूत शेजारीच ‘फॉरमॅट’ किंवा ‘इनिशियलाइज’ असतं, त्याने सगळं पुसलं जातं, म्हणून हे काम त्यांना घाईत करायला लावू नका. कॅमेरा नसेलच तर आयसोबस्टर नावाचं सॉफ्टवेअर बंद न केलेल्या डिस्कवरचा डेटा थेट वाचून फाइल बाहेर काढतं. त्यातल्या काही सोयींना पैसे पडतात, पण आधी डिस्कवर काय आहे ते फुकट बघता येतं. दिसलं तरच पैसे भरा.

जपानी डीव्हीडी रेकॉर्डरच्या डिस्कचं आणखी एक निराळं रूप असतं. आत नेहमीचं ‘व्हिडिओ टीएस’ फोल्डर नसून ‘डीव्हीडी आरटीएव्ही’ नावाचं फोल्डर असतं आणि त्यात व्हीआरओ नावाची एक मोठी फाइल. ती फाइल हार्ड डिस्कवर कॉपी करून व्हीएलसीवर ओढून टाका, चालते. एकाच फाइलमध्ये अनेक रेकॉर्डिंग जोडलेली असल्यामुळे वेळेची पट्टी वेडीवाकडी दाखवते, तिच्यावर विसंबू नका. जपानी डिजिटल टीव्हीवरून रेकॉर्ड केलेले कार्यक्रम मात्र कुलूपबंद असतात, ते असे दिसणार नाहीत.

‘बीडीएमव्ही’ फोल्डर दिसलं तर ती एव्हीसीएचडी डिस्क, म्हणजे साध्या डीव्हीडीवर लिहिलेलं एचडी शूटिंग. ‘स्ट्रीम’ फोल्डरमधल्या फाइली कॉपी केल्या की काम झालं.

आधी पूर्ण प्रत, मग बाकी सगळं

चित्र लागलं की लोक लगेच एमपी-फोर करायला घेतात. तसं करू नका. जुनी डिस्क दहा वेळा फिरवण्यापेक्षा एकदाच पूर्ण वाचून तिची जशीच्या तशी प्रत, म्हणजे आयएसओ फाइल, हार्ड डिस्कवर घ्या. विंडोजमध्ये इमगबर्न या सॉफ्टवेअरचा ‘रीड’ मोड हे काम करतो. मॅकमध्ये ‘डिस्क युटिलिटी’ने इमेज बनवताना ‘डीव्हीडी/सीडी मास्टर’ निवडा. एकेरी थराची पूर्ण भरलेली डिस्क ४.७ जीबीची असते, आजच्या हार्ड डिस्कपुढे हे काहीच नाही. आयएसओ डबल क्लिकने उघडते आणि पुढचं सगळं काम तिच्यावर करता येतं.

वाचताना चूक येऊन अडलं तर हट्टाने पुन्हा पुन्हा तेच करण्यापेक्षा दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हमध्ये लावून बघा. एक ड्राइव्ह जिथे अडते तिथे दुसरी सहज पुढे जाते, हा माझा नेहमीचा अनुभव. लिनक्स वापरणाऱ्यांनी डीडीरेस्क्यू हे सॉफ्टवेअर वापरावं. ते आधी चांगला भाग उचलतं, वाईट जागांची नोंद ठेवतं आणि नंतर फक्त त्याच जागांवर परत जातं. त्याच नोंदीवर ड्राइव्ह बदलूनही पुढे चालू करता येतं, त्यामुळे दोन ड्राइव्हनी वाचलेलं एकाच फाइलमध्ये जमा होतं.

व्हीसीडीच्या बाबतीत ही पद्धत तशी लागू नाही. तिचं चित्र ज्या प्रकारच्या सेक्टरमध्ये असतं त्यात चूक दुरुस्तीसाठीची जादा माहिती नसते, म्हणून जरा ओरखडा पडला की व्हीसीडी लवकर अडते. ‘एमपीईजीएव्ही’ फोल्डरमधली डीएटी फाइल कॉपी केली तर ती वेगळ्या वेष्टनात येते आणि काही सॉफ्टवेअरना कळत नाही. व्हीसीडीगिअर हे छोटं मोफत सॉफ्टवेअर तिची साधी एमपीजी करून देतं.

पालमध्ये बदलून घेऊ नका

या संपूर्ण लेखातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे. आजही मिक्सिंगवाल्याकडे, म्हणजे व्हिडिओ जोडून-बदलून देणाऱ्याकडे, गेलं की ‘पालमध्ये कन्व्हर्ट करून देतो’ असं सांगतात. वीस वर्षांपूर्वी, घरात फक्त पालचा टीव्ही असताना, त्याला अर्थ होता. आज नाही. सेकंदाला २९.९७ फ्रेमच्या २५ करायच्या म्हणजे जवळपास दर सहातली एक फ्रेम टाकून द्यायची, नाहीतर दोन फ्रेम एकमेकींत मिसळायच्या. मांडवावरून कॅमेरा सावकाश फिरतो तेव्हा चित्र ठेचकाळत जातं ते यामुळे. ४८० रेषांच्या ताणून ५७६ केल्या म्हणून तपशील वाढत नाही. आताचे टीव्ही, फोन आणि कॉम्प्युटर ६० आणि ५० दोन्ही सहज दाखवतात. एनटीएससीचं एनटीएससीच राहू द्या.

पेनड्राइव्ह आणि फोनसाठी प्रत

सगळ्यांत आधी मेकएमकेव्ही या सॉफ्टवेअरने आयएसओ उघडा आणि एमकेव्ही फाइल बनवा. यात चित्र पुन्हा दाबलं जात नाही, जसंच्या तसं नव्या डब्यात जातं, आणि डिस्कवर एक-एक जीबीचे तुकडे केलेल्या व्हीओबी फाइली एक होतात. एक सेटिंग आधी बदला: दोन मिनिटांपेक्षा लहान शूटिंग मेकएमकेव्ही मुळातच वगळतं. ‘प्रेफरन्सेस’ मध्ये ‘मिनिमम टायटल लेंथ’ १२० सेकंद असते, ती अगदी कमी करा. बाळाचं पहिलं पाऊल चाळीस सेकंदांचंच असतं.

मग हँडब्रेक हे व्हिडिओ बदलायचं सॉफ्टवेअर. ही एमकेव्ही उघडा, वर ‘फॉरमॅट’ एमपी-फोर ठेवा. ‘डायमेन्शन्स’ टॅबमध्ये आपोआप होणारं क्रॉपिंग एकदा तपासा, अंधाऱ्या शूटिंगमध्ये ते खऱ्या चित्राची कड कापतं. आकार हाताने बदलू नका. ७२० बाय ४८० हे प्रमाण ४:३ चंही नाही आणि १६:९ चंही, कारण डीव्हीडीचे ठिपके चौकोनी नसतात. ‘ॲनामॉर्फिक’ ऑटोमॅटिकवर असलं की दाखवताना चित्र बरोबर पसरतं. माणसं लांबुळकी किंवा बुटकी दिसली तर चूक इथेच झाली आहे असं समजा.

‘फिल्टर्स’ मध्ये डीइंटरलेस. साधा मार्ग म्हणजे याडिफ किंवा बीडब्ल्यूडिफ, प्रीसेट ‘डिफॉल्ट’, आणि फ्रेम रेट ‘सेम ॲज सोर्स’. पण घरच्या शूटिंगला मी ‘बॉब’ प्रीसेट वापरतो. एका फ्रेममधले दोन क्षण त्यात वेगवेगळे ठेवले जातात, म्हणून ‘व्हिडिओ’ टॅबमध्ये फ्रेम रेट एनटीएससीसाठी ५९.९४ आणि पालसाठी ५० निवडायचा. फाइल मोठी होते, वेळ जास्त लागतो, पण नाचणारी, पळणारी मुलं त्या काळच्या टीव्हीवर जशी दिसायची तशी सफाईदार दिसतात. दोन मिनिटांचा तुकडा दोन्ही प्रकारे करून शेजारी शेजारी बघा.

त्याच टॅबमध्ये चित्र दाबायची पद्धत एच-२६४, दर्जाचा आकडा आरएफ १८ ते २०, एन्कोडरचा वेग ‘स्लो’. आकडा जितका लहान तितका दर्जा जास्त. अंधारात काढलेल्या चित्रात दाणे फार असतात, त्यामुळे त्याची फाइल त्याच लांबीच्या दिवसाच्या शूटिंगपेक्षा मोठी होईल, त्यात काही बिघडलेलं नाही. आवाज एएसी १६० किंवा १९२ वर ठेवा.

फाइल ४ जीबीच्या वर गेली आणि पेनड्राइव्हवर बसत नसेल तर तो पेनड्राइव्ह फॅट-३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे. त्यावरचं दुसरीकडे काढून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा.

नाव देताना

झालेली फाइल सुरुवात, मध्य आणि शेवट अशी तीन ठिकाणी बघा. आवाज आणि ओठ शेवटीही जुळतात का ते तपासा. मगच डिस्क कपाटात परत ठेवा, उभी, उन्हापासून लांब. आयएसओ आणि एमपी-फोर दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा.

फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहा, म्हणजे यादी आपोआप काळानुसार लागते. अमेरिकेतून आलेल्या डिस्कवर ०६/०४/०७ असं लिहिलेलं असेल तर ते ४ जून आहे, ६ एप्रिल नाही. तिकडे महिना आधी लिहितात. खात्री करायला ज्याचं बारसं आहे त्याच्या आईलाच विचारा, आणि विचारताच आहात तर चित्रात मागे बसलेल्या माणसांची नावंही तिच्याकडून लिहून घ्या आणि फाइलच्या शेजारी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवा.